कोमलचा मराठीचा पेपर

माझं काम काय होतं हे कोणाला सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "फार पुण्याचं काम केलंत हो तुम्ही." लग्नात म्हणतात, बँकेत म्हणतात, दवाखान्याच्या रांगेतही म्हणतात. पूर्वी मी हसून मान डोलवायची. आता मला राग येतो, आणि वय झाल्यामुळे तो लपवावासा वाटत नाही. पुण्याचं काम म्हटलं की ते सवडीनं केलं तरी चालतं आणि नाही केलं तरी कोणी जाब विचारत नाही. पोराला वर्गात बसू द्यायचं, यात पुण्य कसलं आलं?

मी विशेष शिक्षिका होते, कंत्राटी. शेवगावच्या पंचायत समितीच्या आवारात आम्हाला एक खोली होती. तिथे सही करायची आणि स्कूटी काढून गावं फिरायची. तालुक्यातल्या शाळांमध्ये जी दिव्यांग मुलं असतील ती आमची. कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या हातापायांत ताकद नाही, कोणाला समजायला वेळ लागतो. माझं स्वतःचं प्रशिक्षण कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं. पण कागदावर 'विशेष' लिहिलं, की सगळ्या प्रकारची मुलं एकाच बाईच्या नावावर टाकायची पद्धत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरला हाड बसवायला सांगण्यासारखा हा प्रकार, पण त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

जी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी 'गृहाधारित' असा एक रकाना असतो. म्हणजे मुलाचं नाव शाळेच्या पटावर, मूल घरी, आणि विशेष शिक्षिकेनं आठवड्यातून एकदा घरी जाऊन शिकवायचं. रकाना चांगल्या हेतूनं केलेला आहे. पण शाळेला नको असलेलं मूल घरीच ठेवायलाही तो फार सोयीचा पडतो. आणि हे सांगताना मला मान खाली घालावी लागते, कारण कोमलच्या नावापुढे तीन वर्षं 'गृहाधारित' हे मीच माझ्या हातानं लिहीत होते.

कोमलचं गाव शेवगावपासून दहाएक किलोमीटरवर. वडील टेम्पो चालवतात, शेवगावच्या बाजारात माल नेतात. आई रंजनाताई घरी शिवणकाम करते. कोमलला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मेंदूचा जो भाग हातापायांना आणि जिभेला हुकूम देतो, तिथे जन्माच्या वेळी इजा झालेली. हात हवे तिथे जात नाहीत, मान डुलते, पाय जमिनीवर ठरत नाहीत. बोलताना व्यंजनं गळून पडतात आणि नुसते स्वर उरतात. तिचं 'पाणी' आणि 'आई' आपल्या कानाला एकच वाटतं. विचार करणारा भाग मात्र शाबूत असू शकतो, आणि कोमलचा तो चांगला लखलखीत होता. पण हे मला कळायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षं मी दर गुरुवारी जायची आणि सहावी-सातवी-आठवीतल्या त्या मुलीला लाल चेंडू, निळा चेंडू दाखवायची. ती हसायची. मी वहीत लिहायची, 'प्रतिसाद चांगला.' शेजारची आफरीन, तिच्याहून एक इयत्ता मागे असलेली, दारात उभी राहून बघायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाई, राग येणार नसेल तर सांगू का?"

"सांग की."

"कोमलला हे सगळं येतं. माझी गणितं तीच सांगते."

मी म्हटलं, "सांगते म्हणजे?"

आफरीननं दप्तर उघडून गणिताची वही काढली आणि कोमलपुढे धरली. कोमलनं मान सावरत वाचलं आणि काहीतरी बोलली. मला नुसते आवाज ऐकू आले. आफरीननं खाली मान घालून उत्तर लिहिलं. दुसरं गणित, मग तिसरं. तिन्ही बरोबर होती. दोघी लहानपणापासून एकाच ओट्यावर वाढलेल्या, त्यामुळे आफरीनला कोमलचं बोलणं आपल्या घरच्या बोलण्यासारखं कळत होतं.

रंजनाताई मशीन थांबवून म्हणाली, "म्याडम, तिला समदं कळतंय. लोकांनाच तिचं कळत न्हाई."

"मग मला आधी का नाही सांगितलं, ताई?"

"तुमी शिकलेल्या. मला वाटलं, आसंच शिकवायचं आसंल."

त्या दिवशी स्कूटी चालवताना मला लाज वाटत होती. लाल चेंडू, निळा चेंडू. त्या मुलीनं तीन वर्षं मला सांभाळून घेतलं होतं.

मग मी सगळ्यात आधी तो रकाना बदलला. तिला नववीत हायस्कूलला बसवायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, वर्ग वरच्या मजल्यावर आहे. मी म्हटलं, वर्ग खाली आणा. ते म्हणाले, निकाल खाली येईल. हे दुसरं कारण खरं होतं. तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या संघटनेकडे गेले.

विशेष शिक्षकांची आमची जिल्ह्याची संघटना. तिचं ऑफिस म्हणजे नगरला सावेडीत कुलकर्णी सरांच्या फ्लॅटचा हॉल. सर कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेले, अध्यक्ष, घरात दोन-तीन पिढ्यांची मास्तरकी. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण पत्र असं लिहायचे की वाचणाऱ्याला खुर्चीत सरकून बसावं लागे. हायस्कूलला त्यांनी चारच ओळी लिहिल्या: अठरा वर्षांपर्यंत दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत शिकण्याचा कायद्यानं हक्क आहे, तरी आपण प्रवेश नाकारत असल्यास कारण लेखी कळवावे. 'लेखी' या शब्दात सगळी ताकद होती. आठवड्यात नववीचा वर्ग खाली आला.

दोन वर्षं कोमल शाळेत गेली. रंजनाताई सकाळी तिला चाकाच्या खुर्चीतून पोचवायची. पहिले काही महिने पोरं बघत बसायची, मग विसरून गेली. मराठीच्या बाईंना तिचं बोलणं थोडं थोडं कळायला लागलं. मराठी तिचा जीव की प्राण. दहावीच्या अर्जाबरोबर आम्ही लेखनिकाची परवानगी मागितली. लेखनिक म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते लिहिणारा. तो खालच्या इयत्तेचा असावा लागतो. आफरीन नववीत होती. बोर्डाचं पत्र आलं, त्यावर आफरीनचं नाव आलं, जादा वेळही मंजूर झाला. मी पत्राच्या तीन प्रती काढल्या. या वेळी काही चुकणार नाही याची मला खात्री होती.

पहिला पेपर मराठीचा. केंद्र शेवगावातल्या दुसऱ्या शाळेत. कोमल वडिलांच्या टेम्पोतून आली, केस घट्ट वेणीत बांधलेले, शेजारी आफरीन. साडेदहाला केंद्रसंचालकांनी मला गेटवर बोलावलं. परीक्षेच्या केंद्राचे हे मुख्य. हातात आमचंच पत्र होतं.

"मॅडम, ही मुलगी बोलत नाही."

"बोलते, सर. अस्पष्ट बोलते."

"मला काही ऐकू आलं नाही. मग ती दुसरी मुलगी लिहिणार काय? स्वतःच्या मनातलंच ना? कॉपीमुक्त परीक्षा आहे, भरारी पथक येणार आहे. मी अडकायचं का?"

"सर, बोर्डाची परवानगी आहे. आफरीनच्या नावानं आहे."

"लेखनिक मी देतो. आमच्या आठवीतली हुशार मुलगी आहे. नियमाप्रमाणे लेखनिक मिळाला, विषय संपला."

"तिला कोमलचं बोलणं कळणार नाही."

ते म्हणाले, "जिचं बोलणं कोणालाच कळत नाही तिला परीक्षेला बसवता कशाला, मॅडम? त्या लेकराचे हाल."

मी पुढच्या दहा मिनिटांत चार फोन केले. शाळेच्या मुख्याध्यापकांनी उचलला नाही. तालुक्याच्या ऑफिसातून सांगितलं, केंद्रसंचालकांचा निर्णय अंतिम. बोर्डाचा फोन दोनदा लावला, लागला नाही. अकराची घंटा झाली. आफरीन गेटबाहेर आमच्याजवळ उभी राहिली, हातात दोन पेनं घेऊन.

कोमल बाहेर आली ती जादा वेळेसकट, तीन वाजता. तिच्यामागून ती आठवीतली मुलगी आली, रडत. सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, मला तिचं काहीच कळलं नाही. मी म्हणायचे, परत सांग. ती परत सांगायची. रागावली नाही. सगळा वेळ सांगतच होती." मी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा काय दोष? तिलाही कोणी काही विचारलं नव्हतं.

जोड्या लावा, गाळलेल्या जागा, असं जिथे कोमलला मान हलवून हो-नाही सांगता आलं तेवढंच कागदावर उतरलं. बाकी उत्तरपत्रिका कोरी. पण कोमलनं सगळा पेपर सोडवला होता. पहिल्या प्रश्नापासून निबंधापर्यंत, तोंडानं, चार तास. कोणी लिहिला नाही, इतकंच.

टेम्पोत बसल्यावर तिनं आफरीनला काहीतरी सांगितलं. आफरीननं वही काढली आणि हलत्या टेम्पोत लिहायला लागली. निबंध होता तो, 'मी पाहिलेला आठवडे बाजार.' मी नंतर वाचला. त्यात होतं, 'बाजारात मला कोणी खाली उतरवत नाही. मी टेम्पोच्या कॅबिनमध्ये बसून असते. त्यामुळे बाजारातली माणसं मला वरून दिसतात. टक्कल लपवणारे सगळे लोक मला माहीत आहेत.' आणखी दीड पान असंच. केंद्रावर ज्याचे हाल होतात म्हणाले ते हे लेकरू.

ती वही घेऊन मी त्याच संध्याकाळी नगरला गेले. पुढचा पेपर दोन दिवसांनी होता. सरांनी फोन करून नगरमधले सभासद जमवले, आम्ही नऊजण हॉलमध्ये बसलो. मी झालेलं सांगितलं. मला वाटलं होतं सगळे उसळून उठतील. पण एक सहकारी म्हणाले, "मॅडम, वेळ वाईट आहे. आपल्या करारांची फाइल शिक्षण विभागात, तक्रार करायची त्याच ऑफिसात पडून आहे. सोमवारी आपल्याला भेट दिलीय, ती किती महिन्यांनी मिळाली ते तुम्हाला माहीत आहे. आता तक्रार घेऊन गेलो तर भेटही जाईल आणि करारही."

दुसरी एक बाई म्हणाली, "तुम्ही व्यक्तिशः अर्ज द्या ना. संघटनेचं नाव कशाला?"

मला त्यांची भीती समजत होती. दरवर्षी करार संपायचा, दरवर्षी नवा होईल की नाही याची धाकधूक. माझंही घर त्यावरच चालत होतं. पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "आपण सोमवारी काय सांगणार आहोत त्यांना? की आम्ही या मुलांसाठी आहोत, म्हणून आम्हाला ठेवा. बरोबर? मग त्यांतली एक मुलगी गेटवर उभी आहे, आणि आपण म्हणतोय आमचं नाव नको."

"एका मुलीसाठी सगळ्यांना पणाला लावायचं का?" ते सहकारी म्हणाले. तेही चिडले होते.

कुलकर्णी सरांनी वही मागितली. चष्मा बदलून निबंध वाचला. टकलाच्या ओळीला आपल्या डोक्यावरून हात फिरवला. मग पत्नीला म्हणाले, "जरा संघटनेचं लेटरहेड दे." त्यावर त्यांनी शिक्षण विभागाला पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर पहिली सही स्वतःची केली आणि कागद फिरवला. "ज्यांना करायची नाही त्यांनी करू नका. मी कोणाला विचारणार नाही," म्हणाले. नऊपैकी सहा सह्या झाल्या. त्या सहकाऱ्यांनी केली नाही. सही न करणाऱ्यांवर मी पुष्कळ दिवस राग धरून होते. आता तसं वाटत नाही. माणसाला दरवर्षी नोकरीसाठी हात जोडायला लावणाऱ्यांवर मात्र अजून धरून आहे.

दुसऱ्या दिवशी सर, मी, रंजनाताई आणि दोघी मुली शिक्षण विभागाच्या वरिष्ठ अधिकारी बाईंपुढे उभे राहिलो. दीड तास बाहेर बसवलं. बाई तशा सज्जन वाटल्या. पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "केंद्रसंचालकांची शंकाही चुकीची म्हणता येत नाही. ही मुलगी सांगते तेच ती लिहिते, हे कशावरून?"

सर शांतपणे म्हणाले, "तुम्हीच बघा, मॅडम."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आफरीनला खिडकीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं, हातात कागद-पेन दिलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मूगडाळीच्या धिरड्याची कृती होती. ती कोमलपुढे धरून म्हणाल्या, "वाच."

कोमलनं वाचायला सुरुवात केली. ऑफिसातला शिपाई दारात थांबला. पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज. मध्येच आफरीन न वळता म्हणाली, "हळू, कोमल. वाटून की घोटून?" कोमलनं पुन्हा सांगितलं. पाच मिनिटांनी बाईंनी कागद हातात घेतला आणि कॅलेंडरशी ताडून पाहिला. डाळ भिजत घालण्यापासून तव्यावर तेल सोडण्यापर्यंत शब्दाला शब्द जुळत होता. खाली एक ओळ जास्त होती.

"हे काय? 'यात मीठ लिहायचं राहिलंय'? हे तर इथे नाही."

आफरीन म्हणाली, "ते कोमलनं सांगितलं. मी लिहिलं."

बाईंनी कृती पुन्हा वाचली. खरोखरच त्यात मीठ नव्हतं. बाई हसल्या, शिपाई हसला, सरही हसले. कोमल तर खुर्चीतून घसरेल इतकी हसली. रंजनाताईनं पदर डोळ्याला लावला. मला हसू आलं नाही. बाकीच्या लेकरांना परीक्षेचा एकच पेपर असतो. या मुलीला त्या पेपरला बसण्यासाठी आधी माणूस असल्याचा पेपर द्यावा लागला, तोही परक्या लोकांसमोर, कॅलेंडरवर. आणि ती पास झाली म्हणून आम्ही सगळ्यांनी आभार मानायचे.

बाईंनी पुण्याला बोर्डात फोन लावला आणि पुढच्या सगळ्या पेपरांना आफरीनच लेखनिक असेल असं पत्र दिलं. सरांनी विचारलं, "आणि मराठीचा पेपर?"

"तो झाला ना. आता त्याला काही करता येणार नाही. जुलैत पुन्हा देता येईल."

"एवढं लेखी द्याल?" सर म्हणाले. बाईंनी पुढची फाइल ओढली. ते लेखी आम्हाला कधीच मिळालं नाही.

निकाल लागला. गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळ्यांत कोमल पास, चांगल्या गुणांनी. मराठीत नापास. ज्या भाषेत तिनं चार तास न थांबता पेपर सांगितला, त्या भाषेत ती नापास असं सरकारी शिक्क्यानिशी छापून आलं. शेजारपाजारचे म्हणाले, बिचारीला बाकीच्या विषयांत पास केलं, फार झालं. रंजनाताई गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "म्याडम, ही चूक त्यांची हाय, मंग नाव हिचं का?" जुलैत कोमलनं पेपर पुन्हा दिला, आफरीनच्या हातानं, आणि मराठीत वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळवले. पण ते वर्गाच्या फळ्यावर लागले नाहीत, कारण तोवर यादी लागून गेली होती.

केंद्रसंचालकांना तोंडी समज दिली असं आम्हाला कळवलं. ते पुढच्या वर्षीही केंद्रावर होते. सोमवारची आमची भेट रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली, मग पुन्हा ढकलली गेली. करार सगळ्यांचे झाले. माझाही झाला, फक्त तालुका बदलला. शेवगाव आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, मला अकोले दिलं, थेट दुसऱ्या टोकाला. कारण विचारलं तर प्रशासकीय. दोन वर्षं मी तिथल्या डोंगरातल्या वाड्यांवर फिरले. तिथेही कोमलसारखी मुलं होती आणि त्यांच्या नावापुढेही 'गृहाधारित' होतं. या वेळी मी चेंडू काढले नाहीत. आधी शेजारच्या पोरांना विचारलं, "हिचं बोलणं कोणाला कळतं?" हे मी वीस वर्षं आधी विचारायला हवं होतं, याची खंत माझ्यासोबतच जाईल.

कोमल आता शेवगावच्या कॉलेजात मराठी घेऊन शिकते आहे. आफरीन नर्सिंगला गेली. नवीन लेखनिक शोधायला सहा महिने लागले, त्याची कटकट अजून संपलेली नाही. कुलकर्णी सर थकले, पण पत्रं लिहितात. संघटनेत आता दिवाळीआधीच प्रत्येक तालुक्यातल्या लेखनिक लागणाऱ्या मुलांची यादी करतो, लेखनिकांना केंद्रावर आधी नेऊन दाखवतो, बोर्डाच्या पत्राच्या प्रती आमच्या सहीनं केंद्रावर पोचवतो आणि पोच घेतो. सेवेतून मोकळी झाल्यावर हे काम मी अंगावर घेतलं.

मागच्या महिन्यात त्याच यादीसाठी मी शाळांना फोन करत होते. एका शाळेचे मुख्याध्यापक फार आदबीनं बोलले. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे आहे एक केस. मुलगी आहे, नववीत, चालता येत नाही. पण दहावीला बसवायचं की नाही अजून ठरवलं नाही. तिच्या भल्यासाठीच म्हणतो, घरीच ठेवलेलं बरं. तुम्ही फार पुण्याचं काम करता, तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, "सांगते. आधी यादीत लिहून घेते. नाव काय तिचं?"

ते म्हणाले, "एक मिनिट हं, रजिस्टर बघून सांगतो."

मी पेन धरून थांबले.